स्वतःची मायनिंग चिप विकसित करणे परवडेल का? सल्ला हवा आहे

नमस्कार. चिपरचनेत काम केलेले आम्ही काही सहकारी बिटकॉइन मायनिंगसाठी (संगणकी आकडेमोड करून नवी नाणी मिळवण्यासाठी) स्वतःची एसिक, म्हणजे एकाच कामासाठी बनवलेली, चिप बनवून तिची यंत्रे विकण्याचा विचार करत आहोत. एफपीजीएवर (पुन्हा पुन्हा हवी तशी जुळवता येणाऱ्या चाचणी-चिपवर) आमची रचना नीट चालते आणि सध्याच्या यंत्रांपेक्षा वीज कमी लागेल असे सिम्युलेशन सांगते. गुंतवणूकदारांकडे जाण्याआधी हिशेब कसा मांडावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

या धंद्यातला हिशेब बहुतेक वेळा कालावधीपायी फसतो, म्हणून सुरुवात तिथून करावी. एप्रिल 2024 च्या हाल्व्हिंगनंतर, म्हणजे बक्षीस निम्मे झाल्यावर, दर ब्लॉकमागे (व्यवहारांच्या प्रत्येक नव्या गटामागे) 3.125 बिटकॉइन, म्हणजे जगभरच्या सर्व मायनरना मिळून दिवसाला सुमारे 450 नवी नाणी मिळतात. यंत्रे कितीही वाढली तरी दर 2016 ब्लॉकनंतर डिफिकल्टी, म्हणजे ब्लॉक मिळवण्याची अवघडता, बदलते आणि हा आकडा जवळपास तिथेच राहतो. तेव्हा तुमच्या ग्राहकाचे उत्पन्न आजच्या हॅशरेटवर (सर्व यंत्रांच्या एकूण आकडेमोडीच्या वेगावर) न मोजता, यंत्र त्याच्या हाती पडेल त्या दिवसाच्या अंदाजित हॅशरेटवर मोजावे लागेल. टेप-आउटनंतर (अंतिम रचना कारखान्याला दिल्यावर) चिप तपासून हाती येईपर्यंत कित्येक महिने जातात, आणि पहिल्या खेपेत दोष निघाला तर मास्क, म्हणजे चिपची रचना सिलिकॉनवर उतरवणारे साचे, पुन्हा बनवावे लागतात. प्रगत प्रक्रियेत मास्कच्या एका संचालाच कित्येक दशलक्ष डॉलर पडतात.

बिटमेन या प्रस्थापित उत्पादकाच्या 2016 च्या अँटमायनर एस9 यंत्राला एका टेराहॅशमागे (एक लाख कोटी हॅश-आकडेमोडींमागे) सुमारे 98 ज्यूल वीज लागत असे, एस21 ला 17.5 लागतात. तुमची तुलना आजच्या यंत्राशी नको, तुमची चिप बाजारात येईल तेव्हा बिटमेन जे विकत असेल त्याच्याशी हवी. शिवाय प्रस्थापित उत्पादकाचा विकासखर्च मोठ्या विक्रीवर विभागला जातो, त्यामुळे तो किंमत उतरवू शकतो आणि तुम्हाला ते जमणार नाही. इंटेलने 2022 मध्ये ब्लॉकस्केल ही मायनिंग चिप आणली आणि एप्रिल 2023 मध्ये ती बंद करत असल्याचे जाहीर केले. इतक्या मोठ्या कंपनीचा हा अनुभव मला फार बोलका वाटतो. ग्राहकांच्या आगाऊ पैशांतून विकासखर्च भागवण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळा, कारण उशीर झाला की नुकसान त्यांचे होते.

धागाकर्ता

सविस्तर उत्तराबद्दल आभार. मग स्पर्धा कमी असलेले एखादे लहान नाणे निवडले तर?

प्रतिसाद २

तिथे धोका वेगळा आणि माझ्या मते अधिक मोठा आहे. मोनेरो या नाण्याने एसिकला रोखण्यासाठी 2018 मध्ये मायनिंगचा अल्गोरिदम (आकडेमोडीची पद्धत) बदलला आणि नोव्हेंबर 2019 मध्ये सर्वसाधारण प्रोसेसरला अनुकूल असा रँडमएक्स स्वीकारला; इथेरियमवर तर 15 सप्टेंबर 2022 रोजी मायनिंगच संपले. ग्राफिक्स कार्ड दुसऱ्या कामाला लावता येते, एसिकला मात्र तिच्या अल्गोरिदमपलीकडे काही करता येत नाही.

प्रतिसाद १

सहमत आहे. तुमची रचना खरोखर सरस असेल तर ती एखाद्या प्रस्थापित उत्पादकाला परवान्याने देण्याची बोलणी करा, किंवा तयार चिप विकत घेऊन बोर्ड, वीजपुरवठा, शीतकरण आणि प्रत्येक चिपची वारंवारता स्वतंत्रपणे जुळवणारे फर्मवेअर यांवर काम करा. तिथे मास्कचा खर्च येत नाही आणि चूक दुरुस्त करायला नवे वेफर (ज्यांवर चिप घडतात त्या सिलिकॉनच्या चकत्या) मागवावे लागत नाहीत. तरीही चिपच करायची असेल, तर चिप ठरल्यापेक्षा सहा महिने उशिरा आली आणि त्या काळात हॅशरेट दीडपट झाला असे धरून आकडेमोड करा, आणि तो तक्ता गुंतवणूकदारांना सर्वांत आधी दाखवा.