लिसनरसारखी थीमवाली क्रिप्टिक कोडी: ग्रिड अर्धे भरते, थीम सापडत नाही

आडवाउभा
'द हिंदू'चे रोजचे क्रिप्टिक, म्हणजे फसव्या क्लूंचे इंग्रजी शब्दकोडे, बहुतेक वेळा पूर्ण सुटते. लिसनरकडे, म्हणजे लंडनच्या टाइम्समधल्या अवघड थीमवाल्या कोड्याकडे, वळल्यावर मात्र पहिल्या पायरीलाच गाडी अडते. काळी घरे नाहीत, नुसत्या जाड रेघा, आणि वर दहा ओळींचा मजकूर. हातातल्या कोड्याचा मजकूर थोडक्यात असा: निम्म्या क्लूंच्या व्याख्येत (उत्तराचा सरळ अर्थ सांगणाऱ्या भागात) एका अक्षराची छपाईची चूक आहे, उरलेल्यांच्या वर्डप्लेतून (अक्षरे जोडून-ढवळून उत्तर देणाऱ्या भागातून) एक अक्षर जास्त निघते. दुरुस्त केलेली आणि जास्तीची अक्षरे क्लूंच्या क्रमाने वाचली की सूचना मिळते. सहा उत्तरे थीमप्रमाणे बदलून भरायची. ४२ पैकी ११ उत्तरे सापडलीत, त्यांतली तीन एकमेकांत बसत नाहीत. उत्तर चुकले, की बदलायची ती हीच? कसे ओळखायचे?

जाडरेघ
अशा कोड्यात प्रत्येक क्लूचा एक भाग शाबूत असतो, तो धरून चाला. छपाईची चूक व्याख्येत असेल तर वर्डप्ले पूर्ण खरा. अक्षर जास्त असेल तर व्याख्या पूर्ण खरी.

उदाहरणे माझीच, साधी आहेत. 'फेलो, साउथ-ईस्ट, मिनिस्टर्स हॉर्स', पाच अक्षरे. फेलो म्हणजे मॅन, त्यापुढे एस-ई, उत्तर मॅन्स. पाद्र्याचा घोडा नव्हे, घर: हॉर्समधल्या आरच्या जागी यू. नोंदवायचे ते यू, आर नाही. इथे बरेच जण चुकीचे अक्षर लिहून ठेवतात आणि मग सूचनेचा काही अर्थच लागत नाही. दुसरे: 'टॉर्ट्स मिक्स्ड फॉर स्विमर', हेही पाच अक्षरी. टी-ओ-आर-टी-ई-एस ही सहा अक्षरे ढवळली की ऑटर मिळते आणि एस उरतो. तो नोंदवायचा.

कागदावर क्लूच्या क्रमाने ४२ ओळींचा उभा तक्ता करा: उत्तर, प्रकार, अक्षर. न सुटलेल्याची ओळ रिकामी ठेवा, गाळू नका. अर्ध्याहून थोडी जास्त अक्षरे जमली की इंग्रजी शब्दांचे तुकडे दिसू लागतात. मग उलटे जा. सूचनेवरून १७व्या ओळीत यू हवा असे वाटले, तर त्या क्लूच्या व्याख्येत असा शब्द शोधा की एका अक्षराच्या जागी यू घातल्यावर त्याला नवा अर्थ येतो. शेवटचे दहा-बारा क्लू बहुधा असेच सुटतात.

आता ती तीन उत्तरे. एकमेकांना छेदणाऱ्या दोन्ही शब्दांचा वर्डप्ले अक्षरन् अक्षर जुळत असेल तर कुठलेच खोडू नका, घराच्या दोन कोपऱ्यांत दोन्ही अक्षरे बारीक लिहा. एकाचे 'साधारण जुळतेय' असे असेल तर संशय त्याच्यावर. आणि कंसातला आकडा मूळ उत्तराचा की ग्रिडमध्ये भरायच्या शब्दाचा, हे वरच्या मजकुरात पुन्हा वाचा. उत्तर सहा अक्षरी आणि जागा पाचची, तर ते बदलायच्या सहांपैकी एक असण्याची दाट शक्यता.

खोडरबर
वरच्या उत्तरात भर. जाड रेघांच्या ग्रिडला घाबरू नका, उलट तिथे मदत जास्त मिळते. काळ्या घरांच्या ग्रिडमध्ये निम्म्याच अक्षरांवरून दुसरा शब्द जातो. इथे पाच अक्षरी शब्दात साधारण एक, सातमध्ये दोन, नऊमध्ये तीन घरेच दुसऱ्या शब्दाविना राहतात. शब्द अपरिचित असतात म्हणूनच ही सोय.

त्या अपरिचित शब्दांसाठी चेंबर्स डिक्शनरी हवीच. ऑक्सफर्डवर भागवू नका, स्कॉटिश आणि जुना इंग्रज कवी स्पेन्सर याच्या काळातले शब्द तिथे पुरेसे हाती लागत नाहीत. आपल्याकडच्या सोडवणाऱ्यांचा इथे एक फायदा आहे आणि तोच सापळाही. 'इंडियन' दिसले की लाख, धोबी, जमीनदार लगेच सुचतात, पण स्पेलिंगे अनेक: जमीनदार झेड-एनंतर ए किंवा ई घेऊन येतो, डाकेचे डी-ए-के आणि डी-ए-डब्ल्यू-के दोन्ही चालतात, पगडीच्या तर चार तऱ्हा. वर्डप्ले जे स्पेलिंग देईल तेच भरा.

सराव म्हणून थेट लिसनर घेण्याऐवजी आधी ॲझेड या रचनाकाराची जुनी कोडी करा. ऑब्झर्व्हर या ब्रिटिश वृत्तपत्रात १९७२ पासून ती आली, बहुतेक विनाथीम आणि नियमाला काटेकोर. मग संडे टेलिग्राफचे एनिग्मॅटिक व्हेरिएशन्स हे थीमवाले कोडे. लिसनर १९३० पासूनचे, बीबीसीचे त्याच नावाचे साप्ताहिक १९९१ मध्ये बंद पडल्यावर टाइम्समध्ये आलेले. सर्वांत अवघड तेच.

आडवाउभा
तक्ता केला, सूचना बरीचशी निघाली: 'सहा शब्दांतून पक्षी उडवा' अशा अर्थाची. दोन उत्तरांत पक्षी दिसतो, चार राहिले. शिवाय 'एकूण १४ घरे रंगवा' म्हटले आहे, ती कोणती?

जाडरेघ
पक्षी काढल्यावर उरलेली अक्षरे हा शब्दकोशातला खरा शब्द आहे का, ते पहा. बहुतेक रचनाकार 'ग्रिडमध्ये सर्व खरे शब्द' हे वरच सांगतात, आणि त्या एका वाक्याने निम्मे पर्याय गळतात. उरलेल्या चारांपैकी दोन त्या दोघांच्या समोरासमोर शोधा: ग्रिड अर्ध्या फेरीने फिरवले तर जिथे जागा पडेल तिथे. प्रत्येक रचनाकार ही सममिती थीमलाही लावत नाही, पण सुरुवात तिथूनच करा.

१४ घरांसाठी कर्ण आधी पहा, मग मधली आडवी-उभी ओळ, मग बदललेल्या अक्षरांची घरे. ग्रिड १३ बाय १३ असेल तर एका सरळ रेषेत १४ घरे मावणारच नाहीत, म्हणजे दोन तुकडे किंवा वाकडी वाट. उडवलेल्या सहा पक्ष्यांची नावे सलग लिहून अक्षरे मोजा. रचनाकार पक्ष्यांना परत कुठेतरी बसवतो, आणि १४ चा हिशोब बहुधा तिथे लागतो. रंगवण्याआधी ग्रिडची दुसरी प्रत काढा. मजकूर 'रंगवा' म्हणतो की 'गोल करा', तेही पहा, कारण पाठवायचे असेल तर एक घर चुकले तरी पूर्ण कोडे चूक धरतात.