सुनावणीची क्लिप व्हायरल झाली की नुकसान कुणाचं?

तिरपागडा:
अमेरिकी काँग्रेसमधल्या साक्षी हल्ली लोक मीममधूनच बघतात आणि त्यावरून मतंही ठोकून देतात. सगळ्यांना पाठ असलेलं उदाहरण घ्या. एप्रिल २०१८, झुकरबर्ग सिनेटसमोर. ऑरिन हॅच विचारतात, लोक पैसे देत नाहीत तर धंदा चालवता कसा? क्षणभर थांबून उत्तर येतं, "सिनेटर, आम्ही जाहिराती दाखवतो." वर ते ओठातल्या ओठात हसू. झालं, म्हाताऱ्याची जगभर टर उडाली.

पण आधीची वाक्यं ऐका. 'फेसबुक कायम फुकट राहील' हे झुकरबर्गचंच जुनं म्हणणं हॅच त्याला आठवण करून देत होते आणि अजून तसंच आहे का, हे विचारत होते. प्रश्न त्या ओघात आला. पुढे ते पारदर्शकतेवर बोलले, आपण कशाला संमती देतोय हे लोकांना कळतं का यावर बोलले. मीममध्ये त्यातलं काही नाही.

२०२१ मध्ये सिनेटर ब्लुमेंथल यांचंही तेच झालं. 'फिन्स्टा बंद कराल का?' यावर, यांना फिन्स्टा हे फेसबुकचंच उत्पादन वाटतंय असं समजून सगळे खिदळले. फिन्स्टा म्हणजे मुलांची इन्स्टाग्रामवर चोरून उघडलेली दुसरी खाती, हे त्याच सुनावणीत त्यांनी स्वतःच आधी सांगितलं होतं.

उलटतपासणी:
हॅचचं पटलं, पण क्लिपमुळे नुकसानच होतं हा निष्कर्ष नाही. प्रतिनिधीगृहाच्या सदस्य मॅक्सीन वॉटर्स आठवा, जुलै २०१७. माझ्या पत्राला उत्तर का नाही, एवढंच त्या अर्थमंत्री म्नुचिनना विचारत होत्या. साहेबांनी आभार आणि कौतुकाचं पाल्हाळ लावलं. प्रतिनिधीगृहाच्या समितीत एका सदस्याला ५ मिनिटं मिळतात; साक्षीदार बोलत राहिला की ती संपतात. म्हणून बाई पुन्हापुन्हा "रिक्लेमिंग माय टाइम" (माझा वेळ मी परत घेतेय) म्हणत राहिल्या. ही वेळकाढूपणाची युक्ती लोकांना त्या मीममुळेच कळली. इतिवृत्त कोण वाचणार होतं?

तिरपागडा:
एखादी क्लिप बरी निघते हो. पण आता प्रश्नच क्लिपसाठी विचारतात. जानेवारी २०२४ मध्ये सिनेटर टॉम कॉटन टिकटॉकचे प्रमुख च्यू यांना चिनी कम्युनिस्ट पक्षाबद्दल खोदून खोदून विचारत होते. उत्तर एकच, "सिनेटर, मी सिंगापूरचा आहे." सुनावणी होती मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेवर!

उलटतपासणी:
आणि त्यात हसं कुणाचं झालं? कॉटन यांचंच. डाव उलटतो, हेच तर मी म्हणतोय.

जुनंखोड:
मध्येच बोलतो. हे इंटरनेटचं खूळ नाही. १९५४ च्या आर्मी-मॅकार्थी सुनावण्या (लष्कर आणि सिनेटर मॅकार्थी यांच्या वादावरच्या) ३६ दिवस चालल्या, टीव्हीवर दिसल्या. आज आठवतं काय? लष्कराचे वकील वेल्च यांनी मॅकार्थींना विचारलेलं, तुम्हाला काही चाड उरली आहे की नाही, तेवढंच.

माझ्या मते दोष त्या ५ मिनिटांचा आहे. एवढ्यात धड उलटतपासणी होतच नाही, टाळ्यांचं वाक्य तेवढं होतं. २०१९ च्या ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोग चौकशीत दोन्ही बाजूंना ४५ मिनिटांपर्यंत सलग प्रश्न विचारायची मुभा होती, तीही समितीच्या वकिलांमार्फत. नेहमी तसं का करत नाहीत?

तिरपागडा:
कारण वकिलाने प्रश्न विचारला तर क्लिपमध्ये सदस्य दिसणार कसा?

उलटतपासणी:
अहो, त्या चौकशीतलंही लोकांना राजदूत साँडलंड यांचं, देवाणघेवाणीचा सौदा होता का यावरचं, "उत्तर होय असं आहे" एवढंच आठवतं. आणि ते त्यांच्या लेखी निवेदनातलं होतं, कुणी प्रश्न विचारलाच नव्हता!