मदत हवी आहे : पीसी कामाच्या मध्येच आपोआप रीस्टार्ट होतो (विंडोज ७, पेजमेकर)

अक्षरजुळणी
घरचा जुना डेस्कटॉप काम चालू असताना मध्येच बंद पडतो आणि आपोआप परत सुरू होतो. आधी क्वचित व्हायचं, आता रोजचंच झालंय. दिवाळी अंकाची पानं लावते आहे, छापखान्याला पीडीएफ द्यायची तारीख तोंडावर आलीय. अँटिव्हायरस फिरवला, काही सापडलं नाही. रॅम काढून खोडरबराने पुसून परत लावली. दुकानवाला म्हणतो फॉरमॅट मारू. पण मग पेजमेकर (पानं लावायचं सॉफ्टवेअर), श्रीलिपी (मराठी अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर), फॉण्ट, डोंगलचा (सॉफ्टवेअर चालू व्हायला लागणारी यूएसबी किल्ली) ड्रायव्हर सगळं नव्याने बसवावं लागेल आणि मूळ सीडी सापडत नाहीत. फॉरमॅट न मारता काय करता येईल ते कृपया लवकर सांगा. नवीन घ्या असं सांगू नका.

सोल्डरवाला
एवढ्या माहितीवर कोणीच नक्की सांगू शकणार नाही. हे कळवा : प्रोसेसर, मदरबोर्डचा चिपसेट, रॅम किती, विंडोज ३२ बिट की ६४, एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा) किती जुना, हार्डडिस्क किती जीबीची.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बंद पडताना निळा पडदा दिसतो की एकदम अंधार होतो? विंडोज निळा पडदा क्षणभरच दाखवून रीस्टार्ट करतं, त्यामुळे तो नजरेतून सुटतो. 'कम्प्युटर'वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज, मग 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'खालचं सेटिंग्ज. तिथे 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'समोरची खूण काढा. यापुढे निळा पडदा आला तर तो तसाच थांबेल. त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि खाली '०एक्स'ने सुरू होणारा आकडा असतो तो इथे द्या.

मिंटप्रेमी
विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. त्यावर आता एकही सुरक्षा अपडेट येत नाही, आणि तुम्ही त्यावरून छापखान्याला मेल करता. लिनक्स मिंट टाका, एक्सएफसीई आवृत्ती घ्या, जुन्या मशीनवर हलकी चालते.

वेगवान
रॅम वाढवा. पेजमेकर, ब्राउझर आणि फोटो एकदम उघडले की जुनं मशीन दमतं. ४ जीबीची आणखी एक पट्टी टाका, हजार रुपयांच्या आतबाहेर काम होईल.

सोल्डरवाला
@वेगवान, रॅम कमी पडली तर मशीन रांगतं, रीस्टार्ट होत नाही. आणि विंडोज ३२ बिट असेल तर ४ जीबीमधलीसुद्धा साधारण ३ ते ३.५ जीबीच वापरात येते. नवीन पट्टीचा काही उपयोग होणार नाही. आधी माहिती येऊ द्या.

अक्षरजुळणी
आय३-२१२०, एच६१, ४ जीबीची एकच पट्टी, ३२ बिट. हार्डडिस्क ५०० जीबी. एसएमपीएस मशीनबरोबर आला तोच आहे. बहुतेक वेळा एकदम अंधार होतो. निळं काहीतरी चमकलेलं कधीतरी दिसलंय. लिनक्स नको, श्रीलिपी त्यावर चालत नाही.

मिंटप्रेमी
वाइनमधून (लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअर चालवणारा प्रोग्रॅम) पेजमेकर चालवता येतं. प्रयत्न करून तर बघा.

कीबोर्डकर
पेजमेकर एक वेळ उघडेल, पण डोंगलचं काय? त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या कर्नलमध्ये बसणारा असतो, तो वाइनमध्ये चढत नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये (लिनक्सच्या आत चालवलेलं विंडोज) यूएसबी आत देऊन कदाचित जमेल, त्याला लागणारी व्हीटी-एक्स सोयही या प्रोसेसरला आहे, पण ४ जीबीत दोन सिस्टीम कशा चालवणार? अंक छापखान्यात जायच्या आठवड्यात असला प्रयोग करायला सांगू नका.

पॉवरपंप
अंधार होऊन रीस्टार्ट म्हणजे एसएमपीएस गेलाय. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' दिसेलच. बदलून टाका.

सोल्डरवाला
४१ चा तो अर्थ नाही. मागच्या वेळी मशीन नीट शटडाउन झालं नव्हतं, इतकंच ती नोंद सांगते. निळा पडदा येऊन बंद पडलं तरी ४१ येतो, आणि पॉवर बटण दाबून धरलं तरी येतो. खरी माहिती त्या नोंदीच्या पोटात असते. स्टार्टमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' शोधा, विंडोज लॉग्ज, सिस्टीम, उजवीकडे 'फिल्टर करंट लॉग', आकड्याच्या चौकटीत ४१ टाका. एकेक नोंद उघडून 'डिटेल्स' टॅबमध्ये 'बगचेककोड' बघा. शून्य असेल तर विंडोजला काही कळायच्या आतच वीज गेली किंवा मशीन पूर्ण गोठलं. आकडा असेल तर तो निळ्या पडद्याचा कोड, फक्त दशमान पद्धतीत लिहिलेला.

त्याच यादीत 'डिस्क' नावाच्या स्रोताच्या ७ क्रमांकाच्या नोंदी आहेत का तेही बघा. ती बॅड ब्लॉकची, म्हणजे डिस्कवरच्या खराब जागेची खूण असते.

पॉवरपंप
तरी अंधार होतो म्हणजे वीजच. दहा-बारा वर्षांच्या एसएमपीएसमधले कपॅसिटर सुकलेले असणार.

घरगुतीवीज
पॉवरपंप यांचा संशय चुकीचा नाही, पण बदलण्याआधी मोजून घ्या. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर लावा. कॅबिनेट उघडून मोकळा असलेला चार पिनांचा पांढरा कनेक्टर घ्या. काळा प्रोब काळ्या तारेवर, लाल प्रोब पिवळ्या तारेवर धरला की १२ व्होल्ट, लाल तारेवर ५ व्होल्ट दिसायला हवेत. चालणारी मर्यादा ११.४० ते १२.६० आणि ४.७५ ते ५.२५. मशीन रिकामं असताना मोजू नका, पीडीएफ बनत असताना मोजा. प्रोब टेकवताना पिवळी आणि काळी एकमेकांना चिकटू देऊ नका. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर भार उरलेला असू शकतो.

मदरबोर्डवर सीपीयूच्या बाजूचे कपॅसिटर टॉर्च मारून बघा. माथा सपाट हवा. फुगला असेल किंवा तपकिरी काही पाझरलं असेल तर ते बदलावे लागतील.

कीबोर्डकर
कॅबिनेट उघडलंच आहे तर धूळही काढा. ब्लोअर मारताना पंख्याच्या पात्यात लाकडी काडी अडकवा. पंखा हवेने भरधाव फिरला की बेअरिंग खराब होतं. थर्मल पेस्ट इतक्या वर्षांत वाळलीच असेल. हीटसिंकच्या चारही पिना बाणाच्या दिशेने पाव वळसा फिरवून वर ओढल्या की तो निघतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, नवीन मसुराच्या दाण्याएवढी मधोमध. परत बसवताना आधी पिना बाणाच्या उलट फिरवून जागेवर आणायच्या आणि समोरासमोरच्या जोडीने दाबायच्या. चारही 'टक' वाजल्या पाहिजेत. एक अर्धवट राहिली की हीटसिंक एका बाजूला उचललेला राहतो आणि सीपीयू तापतो.

अक्षरजुळणी
पीडीएफ बनवताना तापमान ६२ दाखवतंय. कपॅसिटर सपाट आहेत. शेजारच्या वायरमनकडून व्होल्टेज मोजून घेतलं : ११.८१ आणि ५.०४. बगचेककोड बहुतेक ठिकाणी ०, काही ठिकाणी १२२. डिस्क ७ च्या नोंदीही आहेत. आता काय करू?

सोल्डरवाला
६२ म्हणजे उष्णतेचा प्रश्न नाही, पेस्ट नंतर बघा. व्होल्टेजही मर्यादेत आहे, पण मल्टिमीटर सेकंदात दोन-तीनदाच मोजतो, क्षणभराची घसरण त्याला दिसत नाही.

तुमच्या मशीनला दोन वेगळे आजार आहेत. १२२ म्हणजे ०एक्स७ए, हार्डडिस्कवरून मेमरीचं पान वाचता न आल्याचा निळा पडदा. त्याच्याबरोबर डिस्क ७ आहे, म्हणजे हार्डडिस्क खराब होतेय. आज, आत्ता, अंकाच्या सगळ्या फाइल्स आणि फॉण्टचा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. बाकी सगळं नंतर. फाइल्स सुरक्षित होईपर्यंत चेकडिस्क (डिस्क तपासायचा विंडोजचा प्रोग्रॅम) चालवू नका. मरायला टेकलेल्या डिस्कवर 'आर' पर्यायासकट ती चालवली तर पूर्ण डिस्क घासत बसते आणि उरलेलंही जातं.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम) चालवून ०५, सी५, सी६ (खराब किंवा संशयित सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे कप्पे) आणि सी७ (केबलच्या चुका) यांचे शेवटच्या रकान्यातले आकडे द्या. ते मुळात षोडशमान पद्धतीत दिसतात. फंक्शन, अ‍ॅडव्हान्स्ड फीचर, रॉ व्हॅल्यूजमधून '१० डीईसी' निवडा.

आणि शून्यवाले रीस्टार्ट नेमके कधी होतात? काय करत असताना?

अक्षरजुळणी
फाइल्स घेतल्या. ०५ : ८, सी५ : २४, सी६ : २४, सी७ : ०. रीस्टार्ट बहुतेक प्रूफ काढताना होतो, नाहीतर मग असाच.

घरगुतीवीज
प्रूफ कशावर काढता? लेझर प्रिंटर असेल तर त्याचा प्लग कुठे आहे?

अक्षरजुळणी
लेझरच आहे. सगळं यूपीएसलाच आहे, पीसी, मॉनिटर, प्रिंटर. मध्येच वीज गेली की छपाई थांबू नये म्हणून. यूपीएस ६०० व्हीए.

घरगुतीवीज
इथेच आहे दुखणं. ६०० व्हीएचे घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटच देतात. लेझर प्रिंटरमध्ये फ्यूजर नावाचा तापणारा रोलर असतो. तो तापताना छोटा प्रिंटरसुद्धा क्षणभर ८०० वॅटच्या आसपास ओढतो, आणि छापताना थोड्या थोड्या वेळाने परत परत. झोपेतून जागा होतानाही ओढतो, म्हणून तुम्हाला 'असाच' रीस्टार्ट झाल्यासारखा वाटतो.

त्या झटक्याने व्होल्टेज दबतं, यूपीएस बॅटरीवर उडी मारतो. या उडीला ४ ते १० मिलिसेकंद लागतात. नवा एसएमपीएस साधारण १६ मिलिसेकंद दम धरतो, जुन्या कपॅसिटरचा तेवढा धरत नाही. वर बॅटरीही थकलेली असेल तर ती हा भार एक क्षणही पेलत नाही.

प्रिंटर यूपीएसवरून काढून थेट भिंतीच्या १६ अँपिअरच्या सॉकेटला लावा. त्याच एक्सटेन्शन बोर्डवर नको. मग यूपीएसची बॅटरी तपासा : पीसी काढून फक्त ६० वॅटचा पिवळा बल्ब लावा आणि यूपीएसचा भिंतीतला प्लग ओढा. बल्ब पाच मिनिटंही टिकला नाही तर आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी बदला. ती साधारण २-३ वर्षंच चालते. बदलताना लाल तार अधिक चिन्हावरच.

पॉवरपंप
म्हणजे एसएमपीएस कमकुवत आहे हे मान्य झालंच. प्रिंटर हलवून तात्पुरतं भागेल, पण अंक झाल्यावर तो बदलाच. घेताना डब्यावरच्या ४५० वॅटवर जाऊ नका, स्टिकरवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर आहेत ते वाचा. १६ असतील तर १२ व्होल्टवर १९२ वॅटच. अर्थात ग्राफिक्स कार्ड नसलेल्या आय३-२१२० ला तेवढे पुरून उरतात.

घरगुतीवीज
हे मान्य.

लिपीकार
पेजमेकर ७ आलं २००१ मध्ये, त्यानंतर अडोबीने इनडिझाइनच पुढे नेलं. युनिकोडमध्ये या. जुन्या फॉण्टमधला मजकूर ना शोधता येतो, ना वेबवर टाकता येतो. इनडिझाइनमध्ये 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' निवडलं की जोडाक्षरं नीट येतात. फुकट हवं तर स्क्रायबस १.५.३ पासून देवनागरी बरी हाताळतं.

कीबोर्डकर
मुद्दा योग्य आहे, पण त्यांची पानं लावून होत आलीत. आता कन्व्हर्ट केलं तर प्रत्येक पानाचं प्रूफ पुन्हा वाचावं लागेल, रफार आणि अर्धी अक्षरं हमखास बिघडतात. हे पुढच्या अंकासाठी.

अक्षरजुळणी
प्रिंटर भिंतीला लावला. अख्खं प्रूफ निघालं, एकदाही रीस्टार्ट नाही. बल्ब लगेच विझला, बॅटरी मागवली. घरगुतीवीज, सोल्डरवाला, मनापासून आभार. आता हार्डडिस्कचं फॉरमॅटशिवाय कसं करायचं? दुकानात २४० जीबीची एसएसडी सांगतात.

सोल्डरवाला
२४० नको, ४८० पण नको. खराब डिस्कवर पार्टिशन आक्रसणं धोक्याचं, म्हणून जशीच्या तशी प्रत करायची. त्यासाठी नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी लागते. तुमची ५०० जीबीची म्हणजे ९७,६७,७३,१६८ सेक्टरांची आहे, ४८० त्यात बसत नाही. ५०० जीबीची २.५ इंची साटा एसएसडी घ्या. एच६१ वर ती अर्ध्या वेगाने चालेल, तरी हार्डडिस्कपेक्षा कितीतरी जलद.

मिंटप्रेमी
प्रत करायला मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह वापरा, काही इन्स्टॉल करायला नको. त्यात 'जीडीडीरेस्क्यू' पॅकेज घ्या, त्यातून डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम मिळतो. साधं क्लोनिंग सॉफ्टवेअर खराब सेक्टरवर अडकून बसतं. डीडीरेस्क्यू आधी चांगला भाग उचलतं आणि वाईटाकडे शेवटी वळतं. पहिली फेरी 'एन' पर्यायाने, दुसरी 'आर ३' ने. मॅपफाइल (कुठवर प्रत झाली त्याची नोंद) दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा. मध्ये वीज गेली तर तिथूनच पुढे चालू होतं. आणि सुरू करण्याआधी 'एलएसबीएलके' चालवून कुठली डिस्क कुठली ते मॉडेल नंबरावरून खात्री करा. स्रोत आणि लक्ष्य उलटं दिलंत तर मूळ डेटाच पुसला जाईल.

सोल्डरवाला
हे अगदी बरोबर. आणखी दोन गोष्टी, ताई. प्रत झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना जुनी हार्डडिस्क काढूनच ठेवा. दोन्हींची डिस्क-सही (डिस्कचा ओळख क्रमांक) एकच असते, विंडोज गोंधळतं. पहिल्यांदा सुरू झाल्यावर चेकडिस्क 'एफ' पर्यायाने चालवा, मग कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एसएफसी स्कॅननाऊ', ते विंडोजच्या बिघडलेल्या फाइल्स दुरुस्त करतं.

बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं मदरबोर्डचं सेटिंग) साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, आता एएचसीआय आहे की आयडीई, त्याचा आजच फोटो काढून ठेवा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेलही इतक्या वर्षांचा असेल तर बदला. तो संपला की बायोस मूळ सेटिंगवर जातो, मोड बदलतो आणि विंडोज ०एक्स७बीचा निळा पडदा देऊन सुरूच होत नाही. तेव्हाही दुकानवाला फॉरमॅटच सुचवेल. फोटो बघून मोड परत लावला की मशीन सुरू होतं.

अक्षरजुळणी
मोड आयडीई दिसतोय. एसएसडीसाठी एएचसीआय करू का?

सोल्डरवाला
आत्ता हात लावू नका, नेमका हाच ०एक्स७बी येईल. अंक छापखान्यात गेला की रजिस्ट्रीत आधी 'एमएसएएचसीआय' सेवेचं 'स्टार्ट' मूल्य ३ असेल ते ० करायचं, मग रीस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय. विंडोज ७ एसएसडीला ट्रिम (पुसलेली जागा मोकळी झाल्याची सूचना) देतं, पण आयडीई मोडमध्ये त्याचा भरवसा धरू नका. तोपर्यंत आयडीईवर काही बिघडत नाही.