वर्षानुवर्षे भूप आणि यमन हेच राग गाते आहे. ही संथ वाट योग्य आहे का?

प्रश्न : सांजवेळ
नमस्कार. चाळिशीच्या उंबरठ्यावर मी शास्त्रीय गायन शिकू लागले. नोकरी आणि घर सांभाळून रोज पहाटे पाऊण तास रियाज होतो आणि त्यातला बराचसा वेळ खर्जातच, म्हणजे खालच्या स्वरांतच जातो. आमच्या बाई नवा राग देण्याची घाई करत नाहीत, त्यामुळे भूप आणि यमन यांपलीकडे माझी फारशी वाटचाल झालेली नाही. माझ्याच सुमारास दुसऱ्या वर्गात गेलेल्या मैत्रिणीची मात्र गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा ही परीक्षा पूर्ण झाली असून तिची वही बंदिशींनी भरली आहे. आवाज सुधारल्याचे मला अधूनमधून जाणवते, पण चारचौघांत दाखवण्यासारखे हाती काही नाही. याच वाटेने जावे की वर्ग बदलावा, याविषयी जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर : स्वरलगाव
मी हौशी प्रौढांना शिकवतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. भूपात मध्यम (म) आणि निषाद (नी) वर्ज्य असल्यामुळे तो सुरुवातीलाच शिकवला जातो आणि पाच स्वर पाठ झाले की राग आला, असा समज होतो. तेच पाच स्वर देशकार या रागातही आहेत. भूप गंधाराच्या (ग) आधाराने फुलतो आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात; देशकारात धैवत (ध) प्रबळ असतो आणि तो सकाळचा राग आहे. कागदावर हा भेद दोन ओळींत संपतो, पण गंधारावर किती विसावायचे आणि धैवतावरून कधी परतायचे, हे गळ्यात उतरायला जो काळ लागतो तो गुरू बदलल्याने कमी होत नाही. शिवाय गळ्याच्या आधी कान तयार व्हावा लागतो. जवारी (तारेचा झंकार) नीट लागलेल्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार, म्हणजे आपोआप उमटणारा ग, ऐकू येतो, हे सगळेच वाचतात. तो आपल्याला खरोखर ऐकू येतो का, हे तपासून पाहा. येत असेल, तर हाती काही नाही हे आपले म्हणणे मला मान्य नाही.

गळ्यावर जबरदस्ती केल्यास काय होते, याचा दाखला मोठ्या माणसाचा आहे. थोर गायक उस्ताद अल्लादिया खाँ यांचा आवाज उमेदीच्या काळात दरबारी चाकरीतील अतिगायनाने बसला होता आणि त्यानंतर बदललेल्या आवाजाला मानवेल अशी गायकी त्यांनी घडवली. ती प्रतिभा आपल्यापाशी नाही, तेव्हा पाऊण तासाचे तीन तास करण्याचा मोह टाळलेला बरा.

उत्तर : मध्यलय
वरील प्रतिसाद पटतो, परंतु संथपणाचे कौतुक जरा जपून करावे. गायिका केसरबाई केरकर (जन्म १८९२) यांनी आधी इतर गुरूंकडे शिकून १९२१ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, अल्लादिया खाँसाहेबांची तालीम सुरू केली, ही गोष्ट अशा चर्चांत हमखास निघते. मात्र गाणे हेच त्यांचे आयुष्य होते, हे सांगायचे राहून जाते. एकाच रागावर वर्षे घालवणारे सगळे गुरू विचारपूर्वकच तसे करतात असेही नाही. काहींच्या पोतडीत पुढचे काही नसते. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी तोच विलंबित (संथ लयीतला) ख्याल ध्वनिमुद्रित करून ठेवावा आणि जुन्या मुद्रणाशी ताडून पाहावा. एकतालाच्या बारा मात्रा बोटांवर न मोजता समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येता येते का, यमनचा तीव्र मध्यम अजूनही पूर्वीइतकाच खाली घसरतो का, आलापात श्वास कुठे तुटतो, हे ऐकताच कळते. तेच दोष त्याच जागी राहिले असतील, तर बाईंना स्पष्ट विचारावे.

उत्तर : आडवाट
आपल्या मैत्रिणीने दिली तशी परीक्षा देण्याचाही विचार व्हावा. विशारदपर्यंतच्या पायऱ्यांमुळे ताल, रागांची शास्त्रीय माहिती आणि लोकांसमोर गाण्याची सवय यांना शिस्त लागते. याच बाईंकडे शिकत राहून परीक्षेला बसण्याविषयी त्यांच्याशी बोलून पाहा.

सांजवेळ
सर्वांचे आभार. जुनी ध्वनिमुद्रणे माझ्याकडे आहेत, ती ऐकायचे धाडस करते. एक शंका : मी मोबाइलवरील तानपुरा वापरते. स्वयंभू गंधार त्यातही ऐकू येईल का?

स्वरलगाव
मोबाइलच्या छोट्या स्पीकरमध्ये खालचे नाद नीट उमटत नाहीत, त्यामुळे चांगले हेडफोन लावून पाहा. त्याहून उत्तम म्हणजे वर्गातला तानपुरा बाईंकडून जुळवून घ्या आणि काही वेळ न गाता नुसता छेडत बसा.