मदत हवी आहे: एफटी८च्या हॅश केलेल्या कॉलसाइनची टर्मिनलवरून चाचणी

एफटी८ ही हौशी रेडिओवर छोटे संदेश पाठवायची डिजिटल पद्धत. तिच्यासाठीच्या डब्ल्यूएसजेटी-एक्स या प्रोग्रॅमसोबत येणारी एफटी८कोड (संदेशाचे टोन दाखवणारं), एफटी८सिम आणि जेटी९ ही साधनं वापरून लिनक्सवर एक चाचणी स्क्रिप्ट लिहितोय. एफटी८सिमने वेव्ह फाइल बनवायची, जेटी९ने ती उलगडायची, दोन्हीकडचा मजकूर जुळतो का बघायचं. साधे संदेश बिनबोभाट पार पडतात.

घोडं अडलंय ते ‘डब्ल्यू९एक्सवायझेड <पीजे४/के१एबीसी> -०८’ अशा संदेशावर. (कॉलसाइन म्हणजे रेडिओ केंद्राचं ओळखनाव; इथली अर्थातच नमुन्याची.) जेटी९ बाकी सगळं बरोबर दाखवतो, पण कोनी कंसात नुसते तीन ठिपके. कारण कळतं: लांब कॉलसाइन २८ बिटांच्या जागेत मावत नाही, म्हणून तिच्याऐवजी तिच्यावरून काढलेला २२ बिटांचा छोटा आकडा, म्हणजे हॅश, जातो, आणि आधी पूर्ण कॉलसाइन ऐकलेली नसेल तर डीकोडर ती ओळखणार कशी?

काय तपासलं: एफटी८कोडमध्ये संदेश कापला जात नाही, ७९ टोन नीट येतात. अवतरणचिन्हं घातली आहेत, त्यामुळे शेल कोनी कंस खात नाही. सिग्नल भरपूर जोरदार ठेवलाय. एफटी८सिम दर वेळी त्याच नावाची फाइल लिहितो (वैताग!), म्हणून लगेच नाव बदलतो.

खिडकीवाला प्रोग्रॅम चालणार नाही, सगळं टर्मिनलवरच हवं. प्रत्यक्ष प्रसारण नाही.

तर, ‘सीक्यू पीजे४/के१एबीसी’ची फाइल आधी आणि ही नंतर, अशा दोन्ही जेटी९ला एकाच आज्ञेत दिल्या तर हॅशचा तक्ता (कोणता हॅश कोणत्या कॉलसाइनचा याची यादी) मधे टिकतो का? की जेटी९च्या माय-कॉल (आपली कॉलसाइन), हिज-कॉल (समोरच्याची) या पर्यायांतून दिलेली कॉलसाइनही तक्त्यात जाते?