बाबांचं नाटक तीन घरांत एकाच वेळी कसं बघायचं?

खाडीकाठची:
बाबा दशावतारात राजपार्ट करायचे. त्यांच्या एका नाटकाची जुनी कॅसेट होती, तिचा आता व्हिडिओ करून घेतलाय. आई आचऱ्याला, भाऊ डोंबिवलीला, मी मस्कतला. फोन चालू ठेवून 'एक, दोन, तीन' म्हणत तिघं एकच लिंक लावतो. पण आईकडे रेंज गेली की चित्र अडकतं आणि ती मागे पडते. परवा संकासुराचं विनोदी सोंग बघून आम्ही हसलो, तर आई म्हणाली, "तो अजून इलोच नाय, तुमी हसतास कित्याक?" पुढे पायपेटीचे सूर लागतात आणि बाबा येऊन बाकड्यावर बसतात. तिथे आई एकदम गप्प होते. तेवढा वेळ तरी मला तिच्याबरोबर असायचंय. काय करू?

पडाव:
लिंक सोडा. तीच फाइल तिघांच्या लॅपटॉपवर आधीच भरून ठेवा आणि सिंकप्ले नावाचं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे. ते व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरला जोडलं जातं. नेटवरून चित्र येतच नाही, कोण कुठल्या सेकंदाला आहे एवढाच निरोप जातो, त्यामुळे अर्धवट रेंजवरही भागतं. एखादा थोडा पुढे गेला तर त्याचा वेग किंचित कमी होतो, फारच पुढे गेला तर त्याला मागे आणलं जातं. एकाने थांबवलं की सगळ्यांकडे थांबतं. हेडफोन मात्र लावाच. नाहीतर एकाचं नाटक फोनमधून दुसऱ्याला उशिरा ऐकू येईल आणि पुन्हा तोच घोळ.

माडबन:
आईंकडे ब्लूटूथ स्पीकर असेल तर काढून वायरचा लावा. ब्लूटूथवर आवाज ओठांच्या मागे पडतो, संवादात ते फार खटकतं. तोच वापरायचा असेल तर व्हीएलसीत 'जे' दाबा, दर वेळी आवाज ५० मिलिसेकंद पुढे येतो.

खाडीकाठची:
झालं! पेनड्राइव्ह चुलतभावाबरोबर गावाला पाठवला, त्यानेच आईच्या लॅपटॉपवर सगळं लावून दिलं. आईला हेडफोन नको होता, म्हणून तिच्याकडचा आवाज अगदी बारीक ठेवला. मध्ये वीज गेली, पण लॅपटॉप बॅटरीवर होता आणि राउटर इन्व्हर्टरवर. बाबा बाकड्यावर बसले तेव्हा आईने स्वतःच थांबवलं, तर मस्कतलाही बाबा तसेच थांबले. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग आई म्हणाली, "आता लाव."