मदत हवी आहे: चादरीवरच्या पतंगांची नोंद कशी ठेवायची?

नमस्कार मंडळी. मे महिनाभर गावी आहे, सावंतवाडीजवळ. परसात तगर, लिंबू, कढीपत्ता आणि मागे देवराई. दिवसा फुलपाखरांचं जमतं. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत (२०१५ पासूनचा मान!) घाणेरीवर दोनदा आलं, तारीख-वेळेसकट वहीत उतरवलं. घोळ आहे तो रात्रीच्या पतंगांचा (मॉथ).

ते उजेडाकडे येऊन बसावेत म्हणून पडवीत दिव्यामागे जुनी पांढरी चादर टांगली. पिवळ्या एलईडीवर कुणी फिरकेना. मग अतिनील नळी लावली, तर दहा वाजेपर्यंत चादर भरली. त्यातला हिरव्या संगमरवरी नक्षीचा ओलिअँडर हॉक मॉथ तेवढा ओळखू आला, कारण त्याची अळी आठवडाभर तगरीची पानं फस्त करताना पाहिली होती: हिरवीगार, डोक्यामागे दोन निळे डोळ्यांसारखे ठिपके, शेवटाला आखूड शेपटी. बाकी सगळे तपकिरी आणि नखाएवढे!

आता अडलंय ते असं. पंख मिटून बसलेल्याचा वरून काढलेला फोटो ओळखीला पुरतो, की खालची बाजूही हवी? तोच पतंग उडून परत बसला तर दोनदा मोजला जातो, यावर तुम्ही काय करता? मी दर अर्ध्या तासाने मोजून सर्वांत मोठा आकडा लिहितोय, बरोबर आहे का? आणि आयनॅचरलिस्टवर (जीवांचे फोटो टाकून ओळख पटवायची वेबसाइट) नुसतं ‘पतंग’ म्हणून टाकलं तर कुणी बघतं का?

शिवाय वाशावरची पाल. काल माझ्यासमोर तिने चार मटकावले. ते नोंदीत धरायचे का?